मेंडेलचं दुसरं झाड

परवा माझ्या पाचवीतल्या भाचीने फोनवर विचारलं, "मावशी, आमची मांजर काळी, शेजारचा बोका पण काळा. मग एक पिल्लू राखाडी कसं काय झालं?" मी म्हटलं, राखाडी रंग दोघांकडेही लपून बसला असेल. त्यावर तिचा लगेच पुढचा प्रश्न: "लपला म्हणजे कुठे?"

आता तुम्ही सांगा, या प्रश्नाला तुम्ही काय उत्तर दिलं असतं? आपण "अप्रभावी गुण" एवढं म्हणून मोकळे होतो. पण ते नाव झालं, उत्तर नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बहुतेकांची समजूत अशी होती, की आईवडिलांचे गुण संततीत एकमेकांत मिसळतात. दुधात पाणी मिसळावं तसे. पण दुधात मिसळलेलं पाणी परत वेगळं निघत नाही. मग आजोबांचा एखादा गुण मुलाला सोडून थेट नातवात कसा उगवतो? हे सगळ्यांना दिसत होतं, पण मोजलं कुणी नव्हतं.

मोजलं ग्रेगोर मेंडेलने. ब्रनो इथल्या (आजच्या चेक प्रजासत्ताकातलं शहर) मठातला हा साधू १८५० मध्ये शिक्षकपदाच्या परीक्षेत नापास झाला होता. त्यानंतर तो व्हिएन्ना विद्यापीठात दोन वर्षं शिकला, तेही फक्त जीवशास्त्र नाही तर भौतिकशास्त्र आणि गणितसुद्धा. माझ्या मते ही गोष्ट महत्त्वाची आहे. कारण पुढे त्याने झाडांकडे पाहिलं ते मोजणाऱ्याच्या नजरेने.

त्याने वाटाणा का निवडला, हे नीट बघा. वाटाण्याचं फूल पाकळ्यांच्या आत बंद असतं, त्यामुळे आपोआप स्वपरागण होतं. संकर हवा असेल तर कळी उघडून पुंकेसर काढायचे आणि दुसऱ्या झाडाचे परागकण लावायचे. गुणही स्पष्ट: दाणा गुळगुळीत किंवा सुरकुतलेला, मधलं काही नाही. तरीही त्याने घाई केली नाही. ३४ वाण आणले, दोन वर्षं फक्त लावून पाहिले, आणि पिढ्यानुपिढ्या तसेच राहणारे २२ निवडले. प्रयोग १८५६ ते १८६३ असे आठ वर्षं चालले.

गुळगुळीत आणि सुरकुतलेल्या दाण्यांच्या वाणांचा संकर केला, तर पहिल्या पिढीत सगळे दाणे गुळगुळीत. सुरकुत्या गायब! याच दाण्यांतून वाढवलेल्या २५३ झाडांवर दुसऱ्या पिढीचे ७३२४ दाणे मिळाले. त्यांत ५४७४ गुळगुळीत, १८५० सुरकुतलेले. प्रमाण २.९६ : १. म्हणजे सुरकुत्या मिसळून संपल्या नव्हत्या, जशाच्या तशा परत आल्या.

इथे बरेच जण थांबले असते. मेंडेलने दुसऱ्या पिढीच्या गुळगुळीत दाण्यांतली ५६५ झाडं वाढवली. १९३ झाडांनी फक्त गुळगुळीत दाणे दिले, ३७२ झाडांनी दोन्ही प्रकारचे. साधारण एकास दोन. दिसायला सारखे असलेले दाणे आतून दोन प्रकारचे होते, हे त्यामुळे कळलं. माझ्या मते खरा शोध या तिसऱ्या पिढीत आहे.

१८६५ च्या फेब्रुवारी आणि मार्चमध्ये त्याने ब्रनोच्या निसर्गविज्ञान मंडळासमोर हे वाचून दाखवलं, १८६६ मध्ये ते छापून आलं. इथपर्यंतची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. पुढची सहसा कुणी सांगत नाही.

हे नियम सगळ्या झाडांना लागू पडतात का, हे त्याला तपासायचं होतं. दुसरं झाड निवडलं हॉकवीड. झेंडू-सूर्यफुलाच्या कुळातलं. एका फुलात पुष्कळ बारीक फुलं, प्रत्येकातून परागकोश काढायचे, तेही उमलण्याआधी. हे काम आरसा आणि भिंग वापरून करताना त्याच्या डोळ्यांवर इतका ताण आला की मधे काम थांबवावं लागलं. म्युनिकचा कार्ल नेगेली हा या झाडांचा मोठा जाणकार. त्याला मेंडेल पत्रं लिहीत होता. नेगेलीने त्याला या झाडाच्या नादी लावलं असं बरेचदा सांगतात, पण १८६६ च्या अखेरीस लिहिलेल्या पहिल्याच पत्रात मेंडेलने स्वतः हे झाड निवडल्याचं सांगितलं आहे.

आणि निकाल? बरोबर उलटा. संकराची पहिली पिढीच वेगवेगळ्या रूपांची, आणि त्यांची पुढची पिढी मात्र जशीच्या तशी. ३ : १ चा पत्ताच नाही.

आठ वर्षांच्या कामाच्या विरोधात जाणारा हा डेटा. तुम्ही काय केलं असतं? पहिल्या वर्षी माझा एक प्रयोग असाच उलटा आला, तेव्हा मी ती वही कपाटात सरकवली आणि गाईडला दोन महिने सांगितलंच नाही. मेंडेलने १८६९ मध्ये मंडळासमोर हे निकाल वाचले आणि १८७० मध्ये छापले. वाटाण्यापेक्षा वेगळं वागतंय, असं स्पष्ट सांगून.

कारण कळलं १९०३ मध्ये, मेंडेल जाऊन १९ वर्षं झाल्यावर. ऑस्टेनफेल्ड आणि राउनकेर या डॅनिश शास्त्रज्ञांनी हॉकवीडच्या फुलांचा परागकोशासकट वरचा भाग कापून टाकला. तरीही बी धरलं! म्हणजे या झाडात बरंचसं बी फलनाशिवायच तयार होतं, आणि रोप आईची हुबेहूब नक्कल असतं. वडीलच नाहीत, तर गुणांची वाटणी होणार कशी? मेंडेलचा नियम चुकला नव्हता, त्या झाडात नियमाला वावच नव्हता.

संशोधनाचा विषय निवडताना "हा जीव का?" हा प्रश्न गाईड सतत का विचारतात, ते यावरून लक्षात येईल. आणि उलटा आलेला निकालही नीट लिहून ठेवा. त्याचा अर्थ कदाचित तुमच्यानंतर कुणाला तरी लागेल.

राहिला भाचीचा प्रश्न. वाटाण्यापुरतं उत्तर १९९० मध्ये इंग्लंडच्या जॉन इन्स संस्थेतून आलं. सुरकुतलेल्या वाटाण्यात एका जनुकात डीएनएचा जादा तुकडा मधेच घुसलेला असतो. त्यामुळे स्टार्चला फांद्या जोडणारं एन्झाइम नीट बनत नाही, दाण्यात साखर जास्त राहते, ती पाणी धरते, आणि वाळताना साल सुरकुतते. जनुकाची एक प्रत चांगली असली तरी काम भागतं, दाणा गुळगुळीत. बिघडलेली प्रत मात्र शेजारी गप्प बसून असते.

भाचीला मी एवढंच सांगितलं: "प्रत्येकाकडे कृतीच्या दोन वह्या असतात, एक आईकडची, एक बाबांकडची. काळ्या मांजरीच्या एका वहीत रंग दाट करायची ओळ चुकलेली होती. बोक्याच्याही. पिल्लाला नेमक्या त्याच दोन वह्या मिळाल्या."

ती म्हणाली, "मग बाकीच्या पिल्लांकडे पण चुकलेली वही असेल?"

असू शकते. तिसरी पिढी वाढवून बघावी लागेल.