‘सात हिंदुस्तानी’ : अमिताभच्या पहिल्या सिनेमातला गोवा मुक्तिलढा किती खरा, किती काल्पनिक?

अमिताभ बच्चनचा पहिला सिनेमा कोणता? हा प्रश्न प्रत्येक क्विझमध्ये असतो आणि उत्तरही सगळ्यांना पाठ असतं – ‘सात हिंदुस्तानी’. पण हा सिनेमा नेमका कशावर आहे, असं विचारलं तर बरेच जण अडखळतात. नाव ऐकून कुणाला वाटतं क्रांतिकारकांवर असेल, कुणाला वाटतं युद्धपट असेल.

हा सिनेमा आहे गोव्याच्या स्वातंत्र्यावर. हिंदीत इंग्रजांविरुद्धच्या लढ्यावर ढिगाने सिनेमे आले. पोर्तुगीजांविरुद्धच्या लढ्यावर मात्र बोटांवर मोजण्याइतकेच. त्यातला हा सगळ्यात गाजलेल्या नावाचा आणि तरीही फारसा न पाहिला गेलेला सिनेमा.

यातली सात माणसं खरी होती का? उत्तर आहे, नाही. पण गोष्ट तिथे संपत नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी

१५ ऑगस्ट १९४७ ला भारत स्वतंत्र झाला, पण गोवा, दमण, दीव आणि दादरा-नगर हवेली पोर्तुगालकडेच राहिले. गोव्यात पोर्तुगीज आले १५१० साली. इंग्रज निघून गेले तरी पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार गोवा सोडायला तयार नव्हता. १९५१ मध्ये त्याच्या सरकारने आपल्या वसाहतींना ‘सागरापलीकडचे प्रांत’ असं नवं नाव दिलं. म्हणजे गोवा ही वसाहत नाहीच, तो पोर्तुगालचाच भाग आहे, असा दावा.

त्यामुळे देश स्वतंत्र झाल्यावरही गोव्याला आणखी १४ वर्षं आणि ४ महिने वाट पाहावी लागली. या काळात गोव्यात सभा घेणं, भाषण करणं, तिरंगा फडकवणं यासाठी तुरुंग ठरलेला असे.

सिनेमाची गोष्ट काय आहे?

‘सात हिंदुस्तानी’ ७ नोव्हेंबर १९६९ ला प्रदर्शित झाला. लेखक-दिग्दर्शक होते ख्वाजा अहमद अब्बास. राज कपूरच्या ‘आवारा’ आणि ‘श्री ४२०’ चे लेखक ते हेच.

गोव्याची मारिया दवाखान्यात आहे. तिला आपले जुने सहा साथीदार आठवतात. कधीकाळी या सहा जणांनी देशाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून येऊन तिच्यासोबत पोर्तुगीजांच्या किल्ल्यांवर आणि इमारतींवर तिरंगा फडकवलेला असतो. मारिया त्यांना बोलावून घेते आणि सिनेमा भूतकाळात जातो.

अब्बास यांनी पात्रांची निवड करताना एक गंमत केली. प्रत्येक नटाला त्याच्या प्रांताच्या किंवा धर्माच्या बाहेरची भूमिका दिली :

– बंगाली रंगभूमीचे दिग्गज उत्पल दत्त झाले पंजाबी जोगिंदर.
– मल्याळम ‘चेम्मीन’चे नायक मधु झाले बंगाली.
– विनोदी नट आगा यांचा मुलगा जलाल आगा झाला पोवाडे गाणारा मराठी सखाराम शिंदे.
– मेहमूदचा भाऊ अन्वर अली झाला हिंदीचा कट्टर अभिमानी शर्मा.
– इर्शाद अली झाले तमिळ महादेवन.
– आणि हिंदी कवी हरिवंशराय बच्चन यांचा मुलगा झाला बिहारचा मुस्लिम शायर. त्या पात्राचं नाव होतं अन्वर अली. म्हणजे खरा अन्वर अली शर्मा झाला आणि अमिताभ अन्वर अली.

मारियाची भूमिका शहनाजने केली. अमिताभला या सिनेमाचे ५,००० रुपये मिळाले होते.

हा सिनेमा १९६९ मध्येच का?

गोवा मुक्त होऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती, पण देशातली हवा बदलली होती. १९६५ मध्ये तमिळनाडूत हिंदीविरोधी आंदोलन पेटलं होतं. भाषा, प्रांत आणि धर्म यांवरून माणसं एकमेकांच्या अंगावर जात होती. सिनेमा प्रदर्शित होण्याच्या दोन महिने आधीच अहमदाबादेत मोठी दंगल झाली होती.

अब्बास यांचा प्रश्न सरळ होता. परक्या सत्तेविरुद्ध एकत्र मार खाणारी माणसं स्वातंत्र्यानंतर भाषेवरून आणि धर्मावरून भांडतात, हे कसं? म्हणूनच गोष्ट गोव्याची असली तरी सिनेमा बोलतो १९६९ च्या भारताबद्दल. त्याला राष्ट्रीय एकात्मतेवरील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि कैफी आझमी यांना सर्वोत्कृष्ट गीतकाराचा. तिकीटबारीवर मात्र तो चालला नाही.

सात जण काल्पनिक, पण देशभरातून माणसं खरंच आली होती

पंजाबी, बंगाली, मराठी अशी सगळ्या प्रांतांची माणसं एकत्र दाखवणं फिल्मी वाटतं. प्रत्यक्षात या बाबतीत सिनेमा वास्तवाच्या मागेच आहे.

१९५४ मध्ये पुण्यात गोवा विमोचन सहायक समिती स्थापन झाली आणि सत्याग्रहींच्या तुकड्या गोव्याच्या सीमेकडे निघू लागल्या. १८ मे १९५५ ला नानासाहेब गोरे यांच्या नेतृत्वाखाली पहिली मोठी तुकडी गोव्यात शिरली. सेनापती बापटही त्यात होते, तेव्हा त्यांनी वयाची सत्तरी ओलांडली होती. पुढच्या महिन्यांत मधु लिमये, जनसंघाचे जगन्नाथराव जोशी, बंगालचे खासदार त्रिदिब कुमार चौधरी असे वेगवेगळ्या विचारांचे लोक गोव्यात गेले आणि पोर्तुगीज तुरुंगात पडले. समाजवादी, कम्युनिस्ट, जनसंघीय असे एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे पक्ष या एका प्रश्नावर एकाच रस्त्याने चालत होते.

१५ ऑगस्ट १९५५ ला हजारो निःशस्त्र सत्याग्रही एकाच दिवशी वेगवेगळ्या वाटांनी गोव्यात शिरले. पोर्तुगीजांनी गोळीबार केला. वीसहून अधिक जण ठार झाले. महाराष्ट्र-गोवा सीमेवरच्या पत्रादेवीला पंजाबचा तरुण शिक्षक कर्नैल सिंग तिरंगा हातात असताना मारला गेला. मध्य प्रदेशातल्या सागरच्या सहोद्राबाई राय तिथेच गोळ्या लागून जखमी झाल्या. पुढे त्या लोकसभेवर निवडून आल्या. उज्जैनचे राजाभाऊ महाकाळ यांनीही याच सत्याग्रहात प्राण गमावले.

या गोळीबारानंतर देशभर संताप उसळला. तरीही नेहरू सरकारने सत्याग्रहींना सीमा ओलांडायला बंदी केली आणि गोव्याची आर्थिक कोंडी करण्याचा मार्ग धरला. अनेक सत्याग्रहींना हा निर्णय जिव्हारी लागला.

सिनेमात काय राहून गेलं?

सिनेमाच्या सात जणांत गोव्याची एकटी मारिया आहे. बाकीचे सहा बाहेरून येतात. त्यामुळे पाहणाऱ्याला वाटू शकतं की गोवा बाहेरच्यांनी सोडवला आणि गोव्यातले लोक वाट पाहत बसले होते. इतिहास वेगळा आहे.

त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांनी १९२८ मध्येच गोवा काँग्रेस कमिटी स्थापन केली होती. १८ जून १९४६ ला मडगावात डॉ. राममनोहर लोहियांनी बंदी मोडून सभा घेतली, त्यामागे गोव्याचेच डॉ. ज्युलियांव मिनेझिस होते. त्याच वर्षी कुन्हांवर लष्करी न्यायालयात खटला चालवून त्यांना पोर्तुगालच्या तुरुंगात पाठवण्यात आलं.

खऱ्या ‘मारिया’ शोधायच्या तर एकापेक्षा जास्त सापडतात. ६ एप्रिल १९५५ ला म्हापशात नॅशनल काँग्रेस गोवाचं अधिवेशन भरलं, त्याच्या अध्यक्षा होत्या सुधाताई जोशी. म्हणजे ‘भारतीय संस्कृतिकोशा’चे संपादक पं. महादेवशास्त्री जोशी यांच्या पत्नी. त्यांना अटक झाली आणि तुरुंगवासाची शिक्षा भोगावी लागली.

दुसऱ्या लिबिया लोबो. नोव्हेंबर १९५५ ते डिसेंबर १९६१ या काळात त्यांनी आणि वामन सरदेसाई यांनी सीमेजवळच्या जंगलातून गुप्त रेडिओ केंद्र चालवलं. पोर्तुगीज सरकार जी बातमी दाबायचं, ती या रेडिओवर कोंकणी आणि पोर्तुगीजमध्ये ऐकू यायची. गोवा मुक्त झाल्यावर दोघांनी विमानातून ध्वनिक्षेपकावर गोव्याच्या लोकांना ती बातमी सांगितली. पुढे दोघांनी लग्न केलं. लिबिया लोबो सरदेसाई यांना २०२५ मध्ये वयाच्या शंभरीत पद्मश्री जाहीर झाली.

सशस्त्र लढ्याची बाजूही होती. विश्वनाथ लवंदे यांच्या आझाद गोमंतक दलाने पोलीस चौक्यांवर हल्ले केले. १९५४ मध्ये दादरा आणि नगर हवेली पोर्तुगीजांच्या हातून सुटले, त्या मोहिमेतही हे दल होतं. त्याच मोहिमेत संगीतकार सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरे यांचाही सहभाग होता.

शूटिंगच्या वर्षी सुटलेला कैदी

सांगलीचे मोहन रानडे १९५० च्या सुमारास सावई-वेरें गावात मराठी शिकवायला गेले. शिक्षकी हे बाहेरचं रूप, आतून ते आझाद गोमंतक दलाचे कार्यकर्ते. ऑक्टोबर १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात ते गोळी लागून जखमी झाले आणि पकडले गेले. पुढे त्यांना पोर्तुगालला लिस्बनजवळच्या काशियश तुरुंगात नेलं.

भारतीय सैन्याच्या ‘ऑपरेशन विजय’मुळे १९ डिसेंबर १९६१ ला पोर्तुगीज गव्हर्नर जनरलने शरणागती पत्करली आणि गोवा मुक्त झाला. रानडे मात्र सुटले नाहीत. ज्या गोव्यासाठी ते तुरुंगात गेले तो स्वतंत्र झाला, तरी ते आणखी सात वर्षं परदेशातल्या कोठडीत होते.

त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडके यांनी पुढाकार घेऊन समिती उभी केली. तमिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी पोपची भेट घेतली, तेव्हा रानडेंच्या सुटकेची विनंती केली. अखेर जानेवारी १९६९ मध्ये रानडे सुटले. त्यानंतर काही आठवड्यांतच, १५ फेब्रुवारी १९६९ ला, अमिताभने ‘सात हिंदुस्तानी’ साठी करार केला.

एका मराठी शिक्षकासाठी एका तमिळ नेत्याने पोपकडे शब्द टाकला. अब्बास यांना सिनेमातून जे सांगायचं होतं, ते सिनेमा सुरू होण्याआधीच घडलेलं होतं.

गोव्यावरचे इतर हिंदी सिनेमे

आय. एस. जोहर यांचा ‘जोहर मेहमूद इन गोवा’ १९६५ मध्ये आला. त्यात हाच लढा विनोदी अंगाने येतो. १९८३ च्या ‘पुकार’मध्ये अमिताभ पुन्हा गोवा मुक्तीच्या गोष्टीत दिसला, यावेळी सुपरस्टार म्हणून आणि आर. डी. बर्मन यांच्या संगीतासह. श्याम बेनेगल यांच्या १९८५ च्या ‘त्रिकाल’मध्ये १९६१ मधल्या एका गोमंतकीय ख्रिश्चन कुटुंबाचं घर आहे आणि बदलणारी सत्ता त्या घराच्या आतून दिसते.

थोडक्यात

सात जण आणि त्यांची मोहीम काल्पनिक आहे. देशभरातून आलेले सत्याग्रही, तिरंग्यासाठी झालेला गोळीबार आणि तुरुंगवास खरा आहे. गोवेकरांचा स्वतःचा लढा मात्र सिनेमात फार कमी दिसतो.

मुंबई-गोवा महामार्गाने जाताना बांद्याच्या पुढे गोव्याची हद्द लागते, तेच पत्रादेवी. तिथे हुतात्मा स्मारक आहे. गोव्याला जाणाऱ्या हजारो गाड्या रोज त्याच्या जवळून जातात.