सानपाड्याहून आलेला ओटीपी

स्टेशनवरच्या फुकट वाय-फायसाठी मोबाइल नंबर का द्यावा लागतो, याचं उत्तर नवी मुंबईत सानपाड्याच्या एका फ्लॅटमध्ये सापडतं. मीरा रोड-भाईंदरमधून रोज सकाळी फिरतीच्या नोकरीला निघणाऱ्यांना हा सोपस्कार पाठ आहे. औषध कंपन्यांचे एमआर, विमा एजंट, गृहकर्जाच्या फायली गोळा करणारी मुलं, लिफ्ट दुरुस्तीवाले, सगळेच तो करतात. नेटवर्क निवडायचं, पान उघडलं की नंबर टाकायचा, एसएमएसने आलेले आकडे भरायचे आणि मग ऑफिसचं ॲप उघडायचं. हे आकडे आपल्या संरक्षणासाठी आहेत, असं बहुतेकांना वाटतं. बँकेचेही असेच येतात, त्यामुळे तसं वाटणं साहजिक आहे. या ओटीपीचा वंशवृक्ष मात्र निराळा आहे.

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी ‘इंडियन मुजाहिदीन’च्या नावाने वृत्तवाहिन्यांना एक ई-मेल गेला. महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाने त्याचा आयपी पत्ता शोधला आणि माग सानपाड्यात राहणाऱ्या एका अमेरिकन गृहस्थाच्या दारात येऊन थांबला. ई-मेल त्याने पाठवलेला नव्हता. त्याचं वाय-फाय दुसऱ्याच कुणी वापरलं होतं.

माग दारापर्यंतच का पोचला, हे नीट पाहायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातून निघालं आहे. घरातला राउटर बाहेरच्या जगाला एकच पत्ता दाखवतो. आत लॅपटॉप दोन असोत की दहा, बाहेरून सगळे एकच. इंटरनेट कंपनीच्या दप्तरी नोंद असते ती फक्त कनेक्शन ज्याच्या नावावर आहे त्याची. हवेतून त्या राउटरला कोण चिकटलं होतं, हे बहुतेक घरगुती राउटर लिहूनच ठेवत नाहीत. तारेच्या काळात फोनच्या दुसऱ्या टोकाला ठरावीक भिंत आणि ठरावीक माणूस असायचा. हवेत ते टोकच सुटलं. तेही नुकतंच सुटलं होतं, कारण वाय-फायची २.४ गिगाहर्ट्झची पट्टी आपल्याकडे परवानामुक्त झाली ती जानेवारी २००५ मध्ये. त्याला तेव्हा जेमतेम साडेतीन वर्षं होत होती.

सानपाड्यावर हे थांबलं नाही. २३ ऑगस्टला दुसरा ई-मेल आला, तो माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या वाय-फायवरून. १३ सप्टेंबरला दिल्लीत स्फोट झाले, तेव्हाच्या ई-मेलचा माग चेंबूरच्या एका कंपनीत निघाला. दोन महिन्यांत तीन ठिकाणं, आणि तिन्ही मुंबई परिसरातली. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी लॅपटॉप घेऊन उघडी वाय-फाय शोधत फिरण्याची मोहीम जाहीर केली. जिथे पासवर्ड नाही, तिथल्या मालकाला नोटीस देणार होते.

त्यानंतर २३ फेब्रुवारी २००९ रोजी केंद्राच्या दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना वाय-फायबाबत आदेश काढला. सार्वजनिक जागी तात्पुरतं कनेक्शन देताना एक तर छायाचित्र असलेल्या ओळखपत्राची प्रत घेऊन ठेवा, नाही तर लॉगिन आणि पासवर्ड ग्राहकाच्या मोबाइलवर एसएमएसने पाठवा. मग तो नंबरच त्याची ओळख मानली जाईल आणि वर्षभर जपली जाईल. स्टेशनवरच्या ओटीपीचा जन्मदाखला हाच. रचना चोख होती, कारण झेरॉक्स काढायचं काम आधीच होऊन गेलं होतं. सिमकार्ड विकणाऱ्या गाळेवाल्याने ते केलेलं होतं. नंबर म्हणजे त्या झेरॉक्सपर्यंत नेणारा धागा.

आता या ओटीपीचा उगम वेगळा सांगणाऱ्या प्रतिस्पर्धी मतांकडे वळतो. सर्वांत बळकट मत बँकवाल्यांचं: ओटीपीची सवय रिझर्व्ह बँकेने लावली, वाय-फायवाल्यांनी ती उचलली. या मताला तारखेचाही आधार आहे. कार्डाने ऑनलाइन पैसे भरताना जादा पडताळणी सक्तीची करणारं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक १८ फेब्रुवारी २००९ चं, म्हणजे दूरसंचार विभागाच्या आदेशाच्या बरोबर पाच दिवस आधीचं. ही जवळीक पहिल्यांदा लक्षात आली तेव्हा मी चकित झालो होतो, आणि आजही ती मला या कथेतली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते. तरीही हे मत मला मान्य नाही. बँकेच्या परिपत्रकाने मागितली होती ती कार्डावर न दिसणारी माहिती. ती ओटीपीच असावी, अशी अट नव्हती. १ ऑगस्ट २००९ पासून नियम लागू झाला, तेव्हा अनेक बँकांनी ग्राहकाला एक कायमचा पासवर्ड ठरवायला लावला होता. एसएमएसने येणारे आकडे सर्रास झाले ते नंतर. वाय-फायच्या आदेशात मात्र एसएमएस पहिल्यापासून होता. शिवाय हेतू पाहा. बँकेचा ओटीपी विचारतो, ‘खातं खरंच तुझं आहे ना?’ वाय-फायचा ओटीपी नोंद ठेवतो, ‘उद्या चौकशी निघाली तर कुणाकडे जायचं?’ आडनाव एक, पण कूळ वेगळं.

दुसरं मत असं की ही परदेशी हॉटेलांची रीत आहे. नेट चालू होण्याआधी एक पान समोर आणून अडवायचं, ही कॅप्टिव्ह पोर्टलची युक्ती बाहेरचीच, यात वाद नाही. पण तशा पानावर कित्येक देशांत ‘अटी मान्य’ एवढं म्हटलं की काम भागतं. सक्तीची ओळख मागणारा ठळक देश म्हणजे इटली. लंडनमधल्या स्फोटांनंतर जुलै २००५ मध्ये तिथे फर्मान निघालं आणि कॅफेत नेट वापरण्यासाठी ओळखपत्र दाखवावं लागू लागलं. २०१० अखेर ती सक्ती संपली. आपला आदेश इटलीवरून बेतला, असं कुणी म्हणालं तर दोन्हींचं कारण सारखं दिसतं एवढं मी मान्य करीन.

माझा कौल मात्र घराजवळच्या पूर्वजाला, सायबर कॅफेच्या वहीला. २००१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने इंटरनेटवरच्या अश्लील मजकुरापासून मुलांना जपण्यासाठी समिती नेमली. जानेवारी २००२ च्या तिच्या अहवालात कॅफेत येणाऱ्याची ओळख पटवण्याची शिफारस होती. पुढे कॅफेच्या काउंटरवर नाव, पत्ता, वेळ लिहिलेली जाड वही दिसू लागली. भाईंदर पूर्वेच्या गल्ल्यांत रेल्वेचं तिकीट काढायला किंवा बायोडेटा छापायला जाणाऱ्यांनी तिच्यात सह्या केल्या आहेत. २००९ च्या आदेशाने त्या वहीतून काउंटर आणि पेन तेवढं वजा केलं, असं मला ठामपणे वाटतं. त्यात मागितलेल्या दोन गोष्टी, ओळख आणि ती ठरावीक काळ सांभाळणं, त्या वहीतल्याच आहेत.

खुद्द ओटीपीचा उगम याहून जुना आणि अगदी उलट्या हेतूचा. १९८१ मध्ये लेस्ली लॅम्पोर्ट या संगणकशास्त्रज्ञाने एक छोटा निबंध लिहिला. संदेश नेणारी वाट असुरक्षित असेल आणि कुणी मधे कान लावून बसला असेल, तर पासवर्ड कसा पाठवायचा? त्याचं उत्तर होतं, दर वेळी नवा. ऐकणाऱ्याने ऐकला तरी पुन्हा उपयोग नाही. म्हणजे चोरून ऐकणाऱ्यापासून वापरणाऱ्याला वाचवण्यासाठी ही कल्पना जन्मली. स्टेशनवर येईपर्यंत तिचं काम पालटलं. तिथे ती वापरणाऱ्याची नोंद करते आणि हवा उघडीच राहते.

फिरतीवरच्या माणसाने हा फरक मनावर घ्यायलाच हवा. ज्या नेटवर्कला जोडताना फोन स्वतः पासवर्ड मागत नाही आणि पान उघडल्यावरच नंबर विचारला जातो, त्या नेटवर्कवर फोन आणि राउटर यांच्यामधल्या लहरी सहसा कूटबद्ध नसतात. ओटीपी बरोबर भरला तरी नसतात. आज बहुतेक संकेतस्थळं आणि ॲप एचटीटीपीएस वापरतात, म्हणून आतला मजकूर झाकला जातो. तरी आपण कुठल्या संकेतस्थळावर गेलो, हे बऱ्याचदा शेजारी बसलेल्याला कळू शकतं. त्याहून वाईट म्हणजे फोन नेटवर्क ओळखतो ते नावावरून. त्याच नावाचं खोटं वाय-फाय कुणी फलाटावर उभं केलं, तर एकदा जोडलेला फोन त्यालाही जाऊन चिकटू शकतो. ते खोटं पानसुद्धा नंबर मागेल. ओटीपी मागितला म्हणजे नेटवर्क खरं, ही समजूत तिथे घात करते. ग्राहकांची कागदपत्रं फोनमध्ये घेऊन फिरणाऱ्याने कंपनीचं व्हीपीएन, म्हणजे फोन ते कंपनी असा कूटबद्ध बोगदा, चालू ठेवावं किंवा स्वतःच्या मोबाइल डेटावर काम करावं. वापर झाला की ते नेटवर्क फोनच्या यादीतून पुसून टाकावं.

व्हीपीएनबद्दलची फिरतीवरच्यांची जुनी तक्रार खरी होती: लोकल सुटली, वाय-फाय तुटलं, फोन मोबाइल डेटावर गेला की पत्ता बदलतो, बोगदा कोसळतो आणि अर्धा भरलेला फॉर्म जातो. त्यावर २००६ मध्ये ‘मोबाइक’ नावाची तोड निघाली. पत्ता बदलला तरी बोगदा तोच ठेवायचा. २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्यात गेलेलं वायरगार्डही हेच करतं. आपल्या कंपनीचं व्हीपीएन यांतलं काही वापरतं का, हे आयटीवाल्यांना विचारण्याचा हक्क प्रत्येक फिरतीवाल्याला आहे.

२००९ च्या आदेशात ओटीपीसाठी एसएमएसच का निवडला गेला असावा, याचं एक कारण मला ११ जुलै २००६ च्या संध्याकाळीत दिसतं. पश्चिम रेल्वेवरच्या सात स्फोटांपैकी एक मीरा रोड आणि भाईंदरच्या दरम्यान झाला होता. त्या संध्याकाळी मोबाइल नेटवर्क कोलमडलं आणि घरच्यांना फोन लागेना. बोलण्यासाठी प्रत्येक कॉलला टॉवरवर स्वतंत्र जागा लागते. एसएमएस मात्र नेटवर्कच्या नियंत्रणासाठी राखलेल्या अरुंद वाहिनीतून जातो, आणि समोरचा फोन बंद असला तर थांबून राहून नंतर पोचतो. साध्यातल्या साध्या फोनवरही तो येतो. आदेश लिहिणाऱ्यांना एवढा चिवट निरोप्या दुसरा मिळाला नसता.

स्टेशनवरच्या वाय-फायचे पुढचे टप्पे सर्वांना माहीत आहेत. जानेवारी २०१६ मध्ये गूगल आणि रेल्वेच्या रेलटेल कंपनीचं वाय-फाय मुंबई सेंट्रलला सुरू झालं. पुढे गूगल बाजूला झालं आणि रेलटेलचं जाळं ६,००० हून अधिक स्थानकांवर पोचलं. ९ डिसेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने पीएम-वाणी योजना मंजूर केली. तिच्यात चहावाला किंवा किराणावालाही परवान्याशिवाय वाय-फाय देऊ शकतो. ओळख पटवण्याचं काम योजनेच्या ॲपकडे गेलं, पण मोबाइल नंबर आणि ओटीपी कायम राहिले.

उघडी हवा झाकण्याचा उपायही तयार आहे. २०१८ पासून वाय-फाय अलायन्सने ‘एन्हान्स्ड ओपन’ या नावाने एक पद्धत प्रमाणित केली आहे. वापरणाऱ्याने काहीही टाइप न करता फोन आणि राउटर आपसात गुप्त किल्ली ठरवतात, आणि प्रत्येक फोनची किल्ली वेगळी असते. खोट्या नावाचं वाय-फाय तिने ओळखता येत नाही, पण कान लावून बसलेल्याचा बंदोबस्त होतो. नंबर आणि ओटीपीचं पान तिच्यावर जसंच्या तसं चालतं, म्हणजे पोलिसांना हवी ती नोंदही शाबूत राहते. अनेक नव्या फोनांत ही सोय आलेली आहे. ती फलाटावरच्या राउटरमध्येही चालू व्हावी, यासाठी प्रवासी संघटनांनी रेल्वेकडे लेखी मागणी करायला हवी.