संगणनप्रधान गणिताचे अध्ययन

उत्तर अस्तित्वात आहे एवढे सिद्ध करून जे गणित थांबत नाही, तर ते सांत पायऱ्यांत काढण्याची रीत, त्या रीतीचा व्यय आणि तीत शिरणारी त्रुटी यांचाही निर्णय सिद्धतेने करते, त्यास येथे संगणनप्रधान गणित म्हटले आहे. सिद्धतेची अट काढली की प्रोग्राम लिहिण्याचे कौशल्य तेवढे उरते. त्यासाठी गणिताची पदवी घेण्याचे प्रयोजन नाही.

व्याख्येतून चार प्रश्न निष्पन्न होतात: (१) अस्तित्वाचा, (२) रीतीचा, (३) व्ययाचा, (४) त्रुटीचा.

संतत फलन अंतरालाच्या एका टोकाशी ऋण व दुसऱ्या टोकाशी धन असेल, तर मध्ये कोठेतरी ते शून्य होते. हे अस्तित्व झाले. अंतराल निम्मे करीत जाणे ही रीत. दहा पायऱ्यांत मूळ अंतरालाचा १/१०२४ भाग उरतो. मात्र सर्वच प्रश्नांना रीत असते असे नाही. तर्कशास्त्रातील कोणतेही विधान सिद्ध करता येईल की नाही हे ठरविणारी सर्वसाधारण रीत संभवत नाही, असे चर्च व ट्युरिंग यांनी १९३६ साली स्वतंत्रपणे दाखविले.

रीत असली तरी ती उपयोगाची असेलच असे नाही. येथे व्ययाचा प्रश्न उद्भवतो. दहावीत शिकविली जाणारी क्रेमरची पद्धत दोन चलांसाठी सुटसुटीत आहे. वीस चलांसाठी एकेका निश्चयकाच्या विस्तारात २० क्रमगुणित, म्हणजे सुमारे २.४ × १०^१८ पदे येतात. सेकंदाला शंभर कोटी पदे हिशेबात घेतली तरी एका निश्चयकाला ७७ वर्षे लागतील, आणि निश्चयक एकवीस काढावयाचे आहेत. चलांचा क्रमाने लोप करण्याच्या गाउसच्या पद्धतीत सुमारे तीन हजार गुणाकार-भागाकार पुरतात.

त्रुटीचा प्रश्न सर्वांत सूक्ष्म आहे, आणि अभ्यासक्रमात बहुधा त्याचीच उपेक्षा होते. क्ष च्या न-व्या घातास ई च्या (क्ष − १)-व्या घाताने गुणून ० ते १ पर्यंत केलेले संकलन स(न) मानू. खंडशः संकलनाने स(न) = १ − न × स(न−१) हे सूत्र मिळते. सूत्र निर्दोष आहे. स(१) म्हणजे १/ई; सहा दशांश स्थळांपर्यंत ०.३६७८७९. येथून चालू लागल्यास स(२) = ०.२६४२४२ येते. पुढे स(७) = ०.११०१६०, स(८) = ०.११८७२० आणि स(९) = −०.०६८४८० येतात. संकल्य कोठेही ऋण नसता संकलन ऋण आले! वास्तविक न वाढला की संकलन घटले पाहिजे. म्हणजे बिघाड स(८) पाशीच दिसावयास हवा होता. कारण असे की आरंभीची सातव्या स्थळातील त्रुटी प्रथम २ पट, मग ३ पट अशी वाढत नवव्या पदाशी ३,६२,८८० पट होते. तेच सूत्र उलट फिरवून स(न−१) = (१ − स(न)) ÷ न असे लिहिल्यास प्रत्येक पायरीस त्रुटी भागली जाते. स(२०) = ० असे उघड चुकीचे मूल्य धरून मागे आले तरी स(९) = ०.०९१६१२ हे सहाही स्थळांपर्यंत बरोबर येते. म्हणून सूत्राची सत्यता व रीतीची स्थिरता हे भिन्न गुण होत, आणि दुसऱ्याची सिद्धता स्वतंत्रपणे द्यावी लागते.

यावरून अध्ययनाचा क्रम ठरतो. प्रथम सिद्धतालेखन, विश्लेषण व रेषीय बीजगणित, त्यानंतर अल्गोरिदम, शेवटी संगणनीयता व संख्यात्मक विश्लेषण. प्रोग्रामिंग पहिल्या सत्रापासून सोबत असावे, परंतु पाया म्हणून नव्हे. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटमध्ये गणित व संगणकशास्त्र यांची एकत्रित पदवी आहे. असा संयोग कितपत फलद्रूप होतो हे कानपूरच्या आयआयटीतील एका निष्पत्तीवरून कळते. मणींद्र अगरवाल, नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी २००२ साली अशी रीत दिली, की दिलेली संख्या मूळ आहे की नाही हे ती निश्चितपणे ठरविते आणि तिचा व्यय अंकसंख्येच्या एका ठराविक घाताच्या मर्यादेत राहतो. कयाल व सक्सेना यांचे बी.टेक. नुकतेच संपले होते.

व्यवहारात मात्र मिलर-राबिन ही यादृच्छिक कसोटीच वापरली जाते, कारण तो घात मोठा आहे. तेथे त्रुटी निराळ्या रूपाने येते: मूळ नसलेली संख्या एका फेरीतून निसटण्याची संभाव्यता जास्तीत जास्त एक चतुर्थांश, वीस फेऱ्यांतून एक लाख कोटींत एकाहून कमी.