सुंची खडकावरील बुडालेल्या जहाजाची साक्ष

पश्चिम किनाऱ्याच्या इतिहासाचीं साधनें म्हटलीं कीं दप्तरें, बखरी, ताम्रपट, शिलालेख आणि परकीय प्रवाशांचीं वर्णनें हींच आपल्या नजरेसमोर येतात. समुद्राच्या तळाशीं पडलेलें जहाज हेंहि त्याच योग्यतेचें साधन होय, ही गोष्ट मात्र आपल्याकडे अजून पुरती रुजलेली नाहीं. गोव्यांत मुरगांवनजीकच्या समुद्रांत सुंची नांवाचा खडक आहे. त्यावरील अवशेषांच्या आधारें हें साधन कसें वाचावें आणि तें कशानें नष्ट होतें, याचा थोडक्यांत विचार आम्ही येथें करणार आहों.

दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पुरातत्त्वज्ञांनीं १९९७ सालापासून या खडकाभोंवतीं शोध घेतला. तेथें पाणी अवघें ३ ते ६ मीटर खोल आहे. तळाशीं लोखंडी तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दांत, चिनी मातीच्या भांड्यांचे व मर्तबानी रांजणांचे तुकडे, कांचेच्या बाटल्यांचीं बुडें, विटा आणि घडीव दगड अशा वस्तु मिळाल्या. त्यांवरून हें जहाज पोर्तुगीजांचें व सतराव्या शतकाच्या आरंभींचें असावें, असा संशोधकांनीं निर्णय केला. उष्ण समुद्रांत लांकूड पोखरणारे किडे फार; त्यामुळें उघडें पडलेलें लांकूड लवकर नाहींसें होतें, आणि मालावरूनच जहाजाची ओळख पटवावी लागते.

आतां हा माल काय सांगतो तें पाहूं. हस्तिदंत आणि पाणघोड्याचे दांत पूर्व आफ्रिकेंतून, मुख्यतः मोझांबिककडून, गोव्यास येत. तेवढ्यावरून पाहतां हें जहाज पश्चिमेकडून येत होतें असें म्हणावेंसें वाटेल. परंतु मर्तबान हें ब्रह्मदेशांतील बंदर. त्याच्या नांवानें ओळखले जाणारे रांजण आणि चिनी भांडीं हा पूर्वेकडील माल. मग जहाज पूर्वेकडून येत होतें कीं काय? येथें एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. असे रांजण पाणी, तेल व शिधा भरण्यासाठीं दूरदूरच्या जहाजांवर वापरीत. तेव्हां रांजण हा विकावयाचा माल, कीं खलाशांच्या नित्य उपयोगाची वस्तु, हें केवळ तुकडा हातांत घेऊन सांगतां येणार नाहीं. तुकडे किती होते, कोठें होते, हस्तिदंतांजवळ होते कीं चुलीच्या विटांजवळ, यावरच उत्तर अवलंबून आहे. सारांश, वस्तूइतकेंच, किंबहुना वस्तूहून अधिक, महत्त्व तिच्या स्थानास आहे.

याच समुद्रांत सेंट जॉर्ज नांवाच्या खडकाजवळ दुसऱ्या एका जहाजाचे अवशेष आहेत. त्यांत मातीचीं कौलें, विटा व खांबांचे भाग मिळाले असून कांहींवर ‘बासेल मिशन टाइल वर्क्स १८६५’ असा ठसा आहे. मंगळूरचा हा कारखाना १८६५ सालीं निघाला. म्हणून ठशांतील साल हें जहाज बुडाल्याचें साल समजणें चुकीचें होईल. जहाज १८६५ च्या पूर्वीं बुडालेलें नाहीं, एवढेंच तेथें सिद्ध होतें. ताम्रपटाच्या मितीस जी कसोटी आपण लावतों, तीच येथेंहि लाविली पाहिजे.

संस्कृत वाङ्मयाच्या अभ्यासकांस या प्रसंगीं श्रीहर्षाची ‘रत्नावली’ आठवल्यावांचून राहणार नाहीं. सिंहलाची राजकन्या जहाज फुटून समुद्रांत सांपडते, फळीच्या आधारानें वांचते, आणि गळ्यांतील रत्नमालेवरून कौशांबीच्या व्यापाऱ्यास तिची ओळख पटते. ती माला तिच्या कंठीं होती म्हणूनच ती ओळखीची खूण झाली. वाटेंत कोणी ती काढून घेतली असती, तर रत्नें तशींच राहिलीं असतीं. राजकन्या मात्र अनोळखी झाली असती.

सुंचीसारख्या उथळ स्थळांचें नेमकें हेंच भय आहे. खोल समुद्रांतील जहाजास पाण्याचा दाबच राखण करतो. दर १० मीटर खोलीस एका वातावरणाइतका दाब वाढतो. परंतु ३ ते ६ मीटर पाण्यांत तोंडांत श्वासनळी धरून वर तरंगणाऱ्या मनुष्यास पाणी निवळ असतां तळ दिसतो, आणि सरावलेला पोहणारा एका दमांत बुडी मारून तेथील वस्तु वर आणूं शकतो. गोव्याच्या किनाऱ्यावर, विशेषतः ग्रांद बेटाजवळ, पावसाळा संपल्यावर अशा जलविहारासाठीं पुष्कळ लोक येतात. कौतुकानें उचललेला रांजणाचा एक तुकडा म्हणजे पुराव्याची एक ओळ खोडल्यासारखेंच होय. त्यांतून समुद्राच्या क्षारांनीं भरलेलें लोखंड उपचारावांचून हवेंत ठेविल्यास भुगा होऊन गळूं लागतें, व हस्तिदंत सुकतांना तडकतो. म्हणजे स्थानहि गेलें आणि वस्तुहि गेली.

तथापि लोकांस समुद्रांत उतरूंच देऊं नये, असें आमचें म्हणणें नाहीं. युनेस्कोनें २००१ सालीं केलेल्या करारांत, १०० वर्षांहून अधिक काळ पाण्याखालीं असलेले अवशेष शक्य तों जागच्या जागीं राखावे, त्यांचा व्यापार होऊं नये, परंतु त्यांस धक्का न लावतां पाहणाऱ्यांस उत्तेजन द्यावें, असें तत्त्व घातलेलें आहे. आपल्या १९७२ च्या पुरावस्तु कायद्यांतहि बहुतेक वस्तूंस हीच १०० वर्षांची मर्यादा आहे. शिलालेख पाहावयास जाणाऱ्यास आपण मज्जाव करीत नाहीं. तो शिळा फोडून नेऊं लागला तरच हात धरतों. समुद्रतळच्या या लेखासहि तोच न्याय लागू करावा. किनाऱ्यावरील नावाडी, कोळी आणि बुडी मारण्यास शिकविणारे लोक यांस ही गोष्ट समजावून सांगणें, आणि पाण्याखालीं कांहीं दिसल्यास त्याची जागा नोंदवून ती तज्ज्ञांस कळविण्याची संवय लावणें, हें काम इतिहासमंडळांनीं आपलें मानावें, अशी आमची विनंति आहे.