स्कोप्स खटला

स्कोप्स खटला हा अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील डेटन या गावी १० ते २१ जुलै १९२५ या काळात चाललेला फौजदारी खटला होय. सरकारी शाळेत मानवाच्या उत्क्रांतीचा सिद्धांत शिकविल्याच्या आरोपावरून जॉन टी. स्कोप्स या २४ वर्षांच्या शिक्षकावर तो भरण्यात आला. वृत्तपत्रांनी त्याला 'माकड खटला' असे नाव दिले. सार्वजनिक शाळांत काय शिकवावे हे बहुमताने ठरवावे की त्या विषयाच्या अभ्यासकांनी, हा या खटल्यामागील मूळ प्रश्न होता.

पार्श्वभूमी

चार्ल्स डार्विन यांनी १८५९ मध्ये नैसर्गिक निवडीचा सिद्धांत ग्रंथरूपाने मांडला. एकाच जातीच्या जीवांमध्ये लहानमोठे आनुवंशिक भेद असतात. परिस्थितीला अनुकूल भेद असलेले जीव तुलनेने अधिक संतती मागे ठेवतात व असे भेद पिढ्यानपिढ्या साचत जाऊन नव्या जाती निर्माण होतात, असे हा सिद्धांत सांगतो. १८७१ मध्ये डार्विन यांनी हाच विचार मानवालाही लागू केला. बायबलमधील 'उत्पत्ती' या पुस्तकानुसार मात्र ईश्वराने मानवाला आपल्या प्रतिरूपात निर्माण केले. अनेक ख्रिस्ती विचारवंतांनी या दोन्ही गोष्टींचा मेळ घातला. परंतु बायबलचा शब्दशः अर्थ घेणाऱ्या मूलतत्त्ववादी प्रोटेस्टंट गटांनी पहिल्या महायुद्धानंतर उत्क्रांतिवादाच्या अध्यापनाविरुद्ध चळवळ उभारली.

बटलर कायदा

मार्च १९२५ मध्ये टेनेसीत संमत झालेल्या बटलर कायद्याने राज्याच्या पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थांमध्ये, मानव खालच्या प्राण्यांपासून उत्क्रांत झाला असे शिकविण्यास बंदी घातली. त्यासाठी १०० ते ५०० डॉलर दंडाची तरतूद होती. या कायद्याला न्यायालयात आव्हान देऊ इच्छिणाऱ्या शिक्षकाला साहाय्य देण्याची तयारी अमेरिकन नागरी स्वातंत्र्य संघाने दर्शविली. डेटनमधील काही प्रतिष्ठित नागरिकांनी गावाला प्रसिद्धी मिळेल या हेतूने स्कोप्स यांना पुढे येण्यास राजी केले. ज्या पाठ्यपुस्तकातून उत्क्रांती शिकविल्याचा आरोप होता, ते राज्यानेच मान्य केलेले होते.

सुनावणी

फिर्यादी पक्षाला साहाय्य करणारे विल्यम जेनिंग्ज ब्रायन हे तीन वेळा राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढविलेले लोकप्रिय नेते होते. त्यांचा आक्षेप केवळ धर्मग्रंथापुरता नव्हता. बलवानांनी दुर्बलांना चिरडणे योग्य ठरविणाऱ्या सामाजिक विचारांना या सिद्धांतामुळे बळ मिळते, अशी त्यांना भीती वाटे. नैसर्गिक निवड निसर्गात काय घडते ते सांगते, समाजाने कसे वागावे ते सांगत नाही. तरीही ही भीती अगदी निराधार नव्हती, कारण उपरोक्त पाठ्यपुस्तकात सुप्रजननवादाचा पुरस्कार केलेला होता.

बचाव पक्षाचे प्रमुख वकील क्लॅरेन्स डॅरो होते. त्यांनी बोलाविलेल्या शास्त्रज्ञांची साक्ष ज्यूरीपुढे होऊ देण्यास न्यायाधीश जॉन रॉलस्टन यांनी नकार दिला. तेव्हा २० जुलै रोजी डॅरो यांनी प्रत्यक्ष ब्रायन यांनाच बायबलचे जाणकार म्हणून साक्षीस बोलाविले. सृष्टिनिर्मितीचे सहा दिवस २४ तासांचेच असतील असे नाही, हे ब्रायन यांनी या वेळी मान्य केले. म्हणजेच बायबलच्या अर्थनिर्णयाला वाव आहे, हे फिर्यादी पक्षाकडूनच कबूल झाले. ही साक्ष दुसऱ्या दिवशी कामकाजातून वगळण्यात आली.

निकाल

वरिष्ठ न्यायालयात अपील करता यावे म्हणून डॅरो यांनीच दोषसिद्धीची मागणी केली. ज्यूरीने अवघ्या नऊ मिनिटांत स्कोप्स यांना दोषी ठरविले व न्यायाधीशांनी १०० डॉलर दंड केला. ब्रायन यांचे २६ जुलै रोजी डेटन येथेच निधन झाले. १९२७ मध्ये टेनेसीच्या सर्वोच्च न्यायालयाने बटलर कायदा वैध ठरविला; मात्र ५० डॉलरपेक्षा अधिक दंड ज्यूरीने ठरवावयास हवा होता, या तांत्रिक कारणावरून शिक्षा रद्द केली. त्यामुळे हे प्रकरण संघीय सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचलेच नाही.

परिणाम

खटल्यात उत्क्रांतिवादाचा विजय झाला, हा समज अपुरा आहे. मिसिसिपी व आर्कान्सा या राज्यांनी त्यानंतर अशीच बंदी घातली, तर अनेक पाठ्यपुस्तकांतून उत्क्रांतीचा उल्लेख कमी झाला. बटलर कायदा १९६७ मध्ये रद्द झाला. १९६८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आर्कान्साची बंदी घटनाबाह्य ठरविली आणि १९८७ मध्ये उत्क्रांतीसोबत 'सृष्टिनिर्मिती विज्ञान' शिकविण्याची लुइझियाना राज्याची सक्तीही रद्द केली.