मार न लागताही गुडघा वारंवार सुजतोय? ‘पीव्हीएनएस’ हा दुर्मीळ आजार नेमका काय आहे?

गुडघा सुजतो, वाकवताना घट्ट वाटतो. बर्फाने शेकलं, चार दिवस विश्रांती घेतली की सूज उतरते आणि काही आठवड्यांनी परत येते. पडल्याचं किंवा पाय मुरगळल्याचं आठवत नाही. वय तीस-पस्तीस, म्हणजे गुडघे झिजण्याचंही नाही. अशा वेळी लिगामेंट, गादी किंवा संधिवातावर संशय घेतला जातो आणि बहुतेकदा तो खराही ठरतो. मात्र क्वचित प्रसंगी कारण वेगळंच असतं. ते म्हणजे सांध्याच्या आतल्या अस्तराची अवाजवी वाढ. या आजाराचं नाव आहे ‘पिगमेंटेड विलोनोड्युलर सायनोव्हायटिस’, म्हणजेच पीव्हीएनएस.

नावाचा अर्थ काय?

गुडघ्याच्या सांध्याला आतून एक पातळ अस्तर असतं, त्याला सायनोव्हियम म्हणतात. सांध्याला वंगण पुरवणारा द्रव हे अस्तर तयार करतं. पीव्हीएनएसमध्ये ते जाड होतं, त्याला झालरीसारखे तंतू फुटतात किंवा गाठी येतात. ही वाढ नाजूक असल्याने तिच्यातून सांध्यात थोडं थोडं रक्त झिरपतं. रक्तातलं लोह अस्तरात साठत जातं आणि अस्तराला गंजल्यासारखा तांबूस-तपकिरी रंग येतो. नावातला ‘पिगमेंटेड’ हा शब्द त्यावरूनच आला.

१९४१ मध्ये अमेरिकेतील जॅफे, लिख्टेनस्टाइन आणि सुट्रो या डॉक्टरांनी हे नाव दिलं. तेव्हा हा अस्तराचा दाह असावा, असं मानलं जात होतं. आता वैद्यकीय अहवालांत ‘टेनोसायनोव्हियल जायंट सेल ट्यूमर’ किंवा टीजीसीटी हे नाव दिसतं. नाव वेगळं असलं तरी आजार तोच आहे.

‘ट्यूमर’ म्हणजे कॅन्सर का?

नाही. ही गाठ सौम्य प्रकारची असते, म्हणजे ती सहसा शरीराच्या इतर अवयवांत पसरत नाही. तिचं कॅन्सरमध्ये रूपांतर होणं अत्यंत दुर्मीळ आहे. पण सौम्य म्हणजे निरुपद्रवी, असाही अर्थ नाही. वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालं तर ती कूर्चा आणि हाड पोखरू शकते. मग तरुण वयातच सांधा बदलण्याची वेळ येऊ शकते.

हा आजार का होतो?

अनेक रुग्णांच्या अस्तरातील काही पेशींमध्ये गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली आढळते. त्यामुळे त्या पेशी सीएसएफ-१ नावाचं प्रथिन प्रमाणाबाहेर तयार करतात. हे प्रथिन शरीरातील मॅक्रोफेज या संरक्षक पेशींना बोलावून घेतं. २००६ मध्ये संशोधकांनी ही यंत्रणा उलगडली, तेव्हा एक गोष्ट स्पष्ट झाली. गाठीत बिघडलेल्या पेशी थोड्याच असतात आणि बाकीची गर्दी बोलावून आणलेल्या पेशींची असते.

हा आजार संसर्गजन्य नाही आणि आनुवंशिकही मानला जात नाही. तो प्रामुख्याने २० ते ५० या वयोगटात दिसतो आणि मोठ्या सांध्यांपैकी सर्वाधिक गुडघ्यात होतो. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात त्याचं प्रमाण दर १० लाख लोकांमागे वर्षाला सुमारे १.८ रुग्ण इतकं आढळलं होतं.

निदानाला उशीर का होतो?

सुरुवातीला एक्स-रे नॉर्मल दिसू शकतो. रक्ताच्या तपासण्यांतही अनेकदा काही सापडत नाही. वेदना सुजेच्या मानाने कमी असल्याने रुग्णही चालढकल करतो.

गुडघ्यातून सुईने काढलेलं पाणी लालसर किंवा तपकिरी निघालं, तर तो एक महत्त्वाचा इशारा असतो. अर्थात, दुखापत किंवा हिमोफिलियातही सांध्यात रक्त उतरतं. खरा उपयोग होतो तो एमआरआयचा. साठलेल्या लोहामुळे त्यात अस्तर विशिष्ट प्रकारे काळपट दिसतं. खात्रीसाठी बायोप्सी करतात. भारतात एकाच गुडघ्याची जुनी सूज क्षयरोगामुळेही असू शकते, त्यामुळे हा फरक ओळखणं विशेष गरजेचं ठरतं. दोन्ही आजारांचे उपचार पूर्ण वेगळे आहेत.

उपचार कोणते?

आजाराचे दोन प्रकार आहेत. मर्यादित प्रकारात एकच गाठ असते. ती काढली की बहुतेक रुग्ण बरे होतात. पसरलेल्या प्रकारात बरंचसं अस्तर बाधित असतं. ते दुर्बिणीतून किंवा गुडघा उघडून काढावं लागतं. गुडघ्याच्या मागच्या बाजूला रक्तवाहिन्या आणि नसा असल्याने तिथलं सगळं अस्तर काढणं कठीण जातं. त्यामुळे या प्रकारात आजार उलटण्याचं प्रमाण बरंच जास्त आहे.

शस्त्रक्रियेने फारसा फायदा होणार नसेल, तर सीएसएफ-१ चा मार्ग रोखणारी औषधं हा पर्याय आहे. अमेरिकेच्या एफडीएने २०१९ मध्ये पेक्सिडार्टिनिबला मंजुरी दिली, पण यकृताला गंभीर इजा होण्याच्या धोक्याच्या इशाऱ्यासह. युरोपच्या औषध नियामकाने २०२० मध्ये याच औषधाला मान्यता नाकारली. फेब्रुवारी २०२५ मध्ये एफडीएने व्हिमसेल्टिनिब या दुसऱ्या औषधाला मंजुरी दिली.

डॉक्टरांकडे कधी जावं?

एकाच गुडघ्याची सूज काही आठवडे टिकली किंवा कारण नसताना वारंवार येत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावं. गुडघा वाकवताना मध्येच अडकत असेल, तरीही तपासणी करून घ्यावी. सुजेसोबत ताप असेल आणि गुडघा लाल, गरम झाला असेल, तर मात्र थांबू नये. तो सांध्यातला जंतुसंसर्ग असू शकतो आणि त्यावर त्याच दिवशी उपचार लागतात.

पीव्हीएनएसचं निदान झालेल्यांनी एमआरआयची सीडी आणि बायोप्सीचा अहवाल जपून ठेवावा. शस्त्रक्रियेनंतर काही वर्षांनीही आजार परतू शकतो. तेव्हा नवी सूज जुन्याच आजाराची आहे का, हे ठरवताना डॉक्टरांना तुलनेसाठी हीच कागदपत्रं लागतात.