मुंबईतील झोपडपट्ट्यांचा पाणी व स्वच्छता प्रश्न

बृहन्मुंबईतील झोपडपट्ट्यांमध्ये पिण्याचे पाणी, शौचालये आणि सांडपाण्याचा निचरा यांची कायमची टंचाई आहे. २०११ च्या जनगणनेनुसार शहराच्या सुमारे १ कोटी २४ लाख लोकसंख्येपैकी जवळपास ५२ लाख लोक झोपडपट्ट्यांत राहत होते. भातसा, तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, विहार आणि तुळशी या सात जलाशयांतून शहराला रोज साडेतीन हजार दशलक्ष लिटरांहून अधिक पाणी मिळते. हे पाणी शहराला एकूणात अपुरे नाही; ते कोणाला किती व कोणत्या अटीवर मिळते, येथे प्रश्न सुरू होतो. महापालिकेच्या निकषानुसार इमारतींतील रहिवाशाला दरडोई दररोज १३५ लिटर, तर झोपडपट्टीतील रहिवाशाला ४५ लिटर पाणी गृहीत धरले जाते.

पात्रतेची तारीख

१९७६ मध्ये शासनाने झोपड्यांची गणना करून रहिवाशांना छायाचित्रासह ओळखपत्रे (फोटोपास) दिली. तेव्हापासून विशिष्ट तारखेपूर्वीची झोपडी ‘पात्र’ व नंतरची ‘अपात्र’ अशी विभागणी रूढ झाली. ही तारीख पुढे वेळोवेळी वाढवण्यात आली. १ जानेवारी १९९५ आणि १ जानेवारी २००० या त्यांपैकी विशेष परिचित आहेत. मूळ निकष पुनर्वसनाचा असला तरी नळजोडणीही त्याच तारखेशी जोडली गेली. रेल्वे, बंदर किंवा विमानतळाच्या जमिनीवरील वस्त्यांना याखेरीज जमीनमालक संस्थेचे ना हरकत प्रमाणपत्र लागते, आणि ते क्वचितच मिळते.

पात्र वस्तीतही जोडणी बहुधा अनेक कुटुंबांत मिळून एकच असते. पाणी दिवसातून काही तासच येते. दाब कमी असल्याने घरोघरी मोटारी लावल्या जातात व गल्लीच्या टोकाची घरे कोरडी राहतात. पुरवठा बंद असताना गटारांतून गेलेल्या गळक्या नळ्यांमध्ये मैला शिरतो.

जोडणी नसलेल्यांना पाणी विकत घ्यावे लागते. पूर्व किनाऱ्यावरील कौला बंदर या बंदराच्या जमिनीवरील वस्तीचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथील कुटुंबे महापालिकेच्या हजार लिटरला सव्वादोन रुपये या तत्कालीन दराच्या सरासरी ५२ ते २०६ पट रक्कम मोजत असल्याचे त्यात आढळले. पावसाळ्यात पाण्याच्या स्रोतावरच घेतलेले निम्मे नमुने दूषित होते. अनधिकृत म्हणून पाणी नाकारले, की अनधिकृत विक्रेत्यांचा धंदा तेवढा वाढतो.

न्यायालयीन निर्णय

पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१४ रोजी निर्णय दिला. पाण्याचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग असून झोपडी बेकायदा आहे या कारणास्तव तेथील माणसाला पिण्याचे पाणी पूर्णतः नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. मात्र अशा रहिवाशांना अधिकृत बांधकामांतील नागरिकांइतकाच पुरवठा मिळावा, असे न्यायालयाने मानले नाही. जास्त दर आकारण्यासही मुभा दिली. महापालिकेचे ‘सर्वांसाठी पाणी’ धोरण त्यानंतर सात वर्षांहून अधिक काळाने, मे २०२२ मध्ये जाहीर झाले.

शौचालये

दाट वस्तीत घरगुती शौचालयाला ना जागा असते ना जवळपास मलवाहिनी, त्यामुळे बहुसंख्य रहिवासी सामुदायिक शौचालयांवर अवलंबून असतात. स्वच्छ भारत अभियानाचा निकष ३५ पुरुषांमागे व २५ स्त्रियांमागे एक शौचकूप असा आहे. प्रत्यक्षात अनेक वस्त्यांत याहून कितीतरी अधिक माणसे एका शौचकुपाबाहेर रांगेत असतात.

जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झालेल्या झोपडपट्टी स्वच्छता कार्यक्रमात तीनशेहून अधिक शौचालय संकुले उभी राहिली. प्रौढ व्यक्तीमागे १०० रुपये, कुटुंबामागे कमाल ५०० रुपये वर्गणी घेऊन वस्तीतील संस्थेकडे देखभाल सोपवली जाई. स्पार्क, नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन व महिला मिलन यांचा त्यात सहभाग होता. पाणी व वीज नियमित मिळाली तेथे ही पद्धत टिकली. वीजदेयक थकल्याने किंवा पाणी नसल्याने काही संकुले बंद पडली. मलवाहिनीशी न जोडलेली संकुले मलटाक्यांवर उभी असतात. या टाक्या वेळेवर उपसल्या न गेल्यास बांधकाम कमकुवत होते. मानखुर्द (२०१७) व भांडुप (२०१८) येथे सार्वजनिक शौचालये खचून माणसे दगावली.

गैरसोयीचा सर्वाधिक भार स्त्रियांवर पडतो. पाण्यासाठी पहाटे उठणे, हंडे वाहणे, रात्री शौचालयाला जाणे टाळण्यासाठी संध्याकाळनंतर पाणी न पिणे हे अनेकींच्या अंगवळणी पडले आहे. मुताऱ्यांसाठी पुरुषांकडून पैसे घेतले जात नसत, स्त्रियांकडून मात्र घेतले जात; या भेदाविरुद्ध २०११ मध्ये मुंबईत ‘राइट टू पी’ ही मोहीम सुरू झाली.